द सिंगिंग डिटेक्टिव्ह (१९८६) : धागेदोरे ढीगभर, उकल एकही नाही

मधली सुट्टी

(खाली शेवटासकट सगळं उघड केलंय. कोरी पाटी ठेवून बघायची असेल तर इथूनच मागे फिरा.)

या ब्रिटिश टीव्ही मालिकेचा नायक पहिल्या भागात खाटेवर असतो आणि सहाव्या भागातही बहुतेक वेळ खाटेवरच. अंगभर कातडी लाल होऊन सोललेली, बोटं मुठीत आखडलेली, मान वळत नाही, सिगारेट ओढायची तरी दुसऱ्याची मदत लागते. जीभ मात्र शाबूत, आणि ती तो डॉक्टरांपासून बायकोपर्यंत सगळ्यांवर चालवतो. हा फिलिप मार्लो. स्वस्तातल्या रहस्यकथा लिहिणारा, आता कुणाला फारसा आठवत नसलेला लेखक. वॉर्डात पडल्या पडल्या तो आपलीच एक जुनी कादंबरी डोक्यात पुन्हा लिहायला घेतो. तिचंही नाव 'द सिंगिंग डिटेक्टिव्ह'.

बीबीसी वनवर १६ नोव्हेंबर ते २१ डिसेंबर १९८६, सहा रविवार, सहा भाग. लेखन डेनिस पॉटर, दिग्दर्शन जॉन अमिएल. मायकल गॅम्बन दोन्ही मार्लो करतो : एक हा खाटेवरचा, दुसरा कादंबरीतला, जो १९४५च्या लंडनमध्ये डान्स बँडबरोबर गातो आणि उरलेल्या वेळात लोकांची लफडी निस्तरतो. हॅट, लांब कोट, आणि नितळ चेहरा. चेहरा नितळ असणं हीच त्या कादंबरीतली सगळ्यात मोठी कल्पनारम्य गोष्ट आहे, हे दुसऱ्या भागापर्यंत आपल्या लक्षात येतं.

गोष्टी एकात एक घुसलेल्या आहेत. वॉर्ड ही एक. कादंबरी ही दुसरी : टेम्स नदीतून एका बाईचं प्रेत बाहेर काढतात, स्किन्सकेप्स नावाचा क्लब आहे, रशियन आहेत, नाझी आहेत, आणि कोण कुणासाठी काम करतंय याचा पत्ता खुद्द लेखकालाही असेल असं वाटत नाही. तिसरी म्हणजे फॉरेस्ट ऑफ डीन या इंग्लंडमधल्या खाणींच्या रानातलं बालपण. खाणकामगार बाप, तिथे न रमणारी आई, आणि झाडाच्या शेंड्यावर चढून बसणारा फिलिप. चौथी गोष्ट म्हणजे निव्वळ संशयपिशाच्च : बायको निकोला आपली पटकथा लांबवून फिनी नावाच्या याराबरोबर विकायला निघालीय, असं मार्लोला वाटत असतं. या फिनीला मार्लोच्या डोक्याबाहेर अस्तित्वच नाही.

पॅट्रिक मालाहाइड हा एकच नट कादंबरीतला मार्क बिनी, संशयातला मार्क फिनी आणि लहानपणचा रेमंड बिनी अशी तीन माणसं करतो. सुरुवातीला काही कळत नाही. मग रानातला प्रसंग येतो. लहान फिलिप लपून बघतो, आई आणि रेमंड बिनी. तिथून पुढे तो चेहरा मार्लोच्या डोक्यात खलनायकाचा कायमचा चेहरा होऊन बसलेला आहे. तो जे लिहील त्यात हाच, ज्याच्यावर संशय घेईल तोही हाच.

पण मला सगळ्यात हादरवून गेला तो वर्गातला प्रसंग, त्यामुळे त्यावर जरा थांबतो. कुणीतरी बाईंच्या टेबलावर घाण करून ठेवली आहे. केलीय फिलिपने. बाई (जॅनेट हेन्फ्री, हीच पुढे बुजगावणं होऊन मार्लोच्या स्वप्नात येते) आधी ओरडत नाहीत. त्या मुलांना प्रार्थनेला बसवतात. देवाला सगळं ठाऊक आहे, तोच आता गुन्हेगाराकडे बोट दाखवेल. खोलीत टाचणी पडली तरी ऐकू येईल. शेवटी फिलिप फुटतो, रडतो, आणि नाव घेतो मार्क बिनीचं, म्हणजे त्याच रेमंडच्या पोराचं. इथपर्यंत ठीक. पुढे काय होतं? बाई बाकीच्यांना विचारतात आणि एकेक पोर उठून सांगायला लागतं, हो, मीही बघितलं त्याला. कुणीच काही बघितलेलं नसतं. मार्क बिनीला बेदम छड्या बसतात. तोच मार्क मोठेपणी वेड्यांच्या इस्पितळात गेला, हे मार्लो पुढे मानसोपचारतज्ज्ञ डॉ. गिबनला सांगतो. सांगून झाल्यावर त्याला खुर्चीतून उठून उभं राहता येतं.

माझा मुद्दा इथून सुरू होतो. मालिका वरवर बघितली तर मनोविश्लेषणाची सरळ गोष्ट आहे : अपराधीपणा आत दडपला, तो कातडीतून बाहेर आला, कबुली दिली, आजार उतरला. म्हणजे डॉ. गिबन हाच खरा हेर, गुन्हेगार सापडला, खेळ खलास. पण मार्लोच स्वतः एके ठिकाणी म्हणतो की लोकांना उत्तरं हवी असतात, आपल्याला मात्र उलट हवंय, नुसते धागेदोरे, उत्तर नको. आणि शेवटी होतं काय? कादंबरीतला हेर वॉर्डात शिरतो, गोळीबार होतो आणि खाटेवरच्या आजारी मार्लोच्या कपाळात गोळी बसते. मग हॅट-कोटातला मार्लो निकोलाचा हात धरून बाहेर पडतो, मागे व्हेरा लिनचं 'वुई'ल मीट अगेन'. बरा होऊन बाहेर पडला तो कोण? लेखक की त्याने रंगवलेलं पात्र? बरं होणं हाच जर स्वस्त रहस्यकथेतला शेवट असेल, तर पॉटर आपल्याला एका हाताने उत्तर देतो आणि दुसऱ्या हाताने काढून घेतो.

गाण्यांबद्दल थोडं. मालिकेतली पात्रं मध्येच ३०-४० च्या दशकांतल्या तबकड्यांवर ओठ हलवायला लागतात. डॉक्टरांचा राउंड चालू असतो, मार्लो रडायला आलेला असतो, कुठलं गुंगीचं औषध द्यावं यावर त्याच्या डोक्यावरून चर्चा चालते, आणि एकदम सगळा ताफा 'ड्राय बोन्स'वर नाचायला लागतो. पाश्चात्य समीक्षक याला केवढा धक्का म्हणतात. आपल्याला ओठ हलवण्याचं काय कौतुक? आपण जन्मल्यापासून तेच बघतोय. पण आपल्याकडे पार्श्वगायकाचा आवाज नटाला चिकटावा म्हणून सगळी खटपट असते. इथे तो चिकटू नये म्हणून असते. आवाज जुना, खरखरीत, चाळीस वर्षांपूर्वीचा, आणि तोंड आजचं. मार्लोची पहिली आठवण जिथे साठलीय तिथून तो आवाज येतो. पॉटरने हेच आधी 'पेनीज फ्रॉम हेवन'मध्ये (१९७८) केलं होतं, तिथे बॉब हॉस्किन्स चक्क बाईच्या आवाजावर ओठ हलवतो.

बघितलेल्यांनी मतं मांडावीत. विशेषतः शेवटाबद्दल.

कोरस

दंडवत. वाचनखूण साठवली आहे.

'ड्राय बोन्स' म्हणजे पायाचं हाड घोट्याला, घोट्याचं नडगीला. बायबलमधल्या सुक्या हाडांच्या खोऱ्यावरून आलेलं गाणं. ज्याचा एकही सांधा हलत नाही अशा माणसासमोर सांध्यांचं गाणं, हा पॉटरचा दुष्टपणा. वॉर्डात भजनी मंडळीही येतात, ख्रिस्ताची गाणी म्हणायला, आणि तीही बघता बघता 'ॲक्सेंच्युएट द पॉझिटिव्ह'मध्ये घसरतात. तो प्रसंग मला जास्त आवडला.

स्किनचा डॉक्टर

मालिका शिकत असताना होस्टेलवर बघितली होती, एका सीनियरने आणलेली. तेव्हा कथा अर्धी डोक्यावरून गेली, पण केस कळली.

मार्लोला जे आहे त्याला सोरायटिक आर्थ्रोपथी म्हणतात, सोरायसिस अधिक संधिवात. नेहमीची कातडी साधारण महिन्याभरात नवी होते, सोरायसिसमध्ये तेच काम काही दिवसांत होतं, म्हणून पापुद्रे सुटतात. रुग्णांपैकी काहींना सांध्यांचा त्रास होतो, आणि बोटं अशी आखडली तर ती पुन्हा सरळ होणं कठीण. मार्लोसारखं सगळं अंग लाल झालं की शरीराला तापमान सांभाळता येत नाही. कातडी हेच आपलं थर्मोस्टॅट आहे. मालिकेत तो उकडून उकडून बेजार होतो, तापात बरळतो, दुसऱ्या भागाचं नावच 'हीट' आहे. आजारपण माहीत असलेल्या माणसानेच हे लिहिलंय हे तिथे कळतं. पहिल्या भागाचं नाव 'स्किन', हेही साधंच पण चपखल.

आता पॉटरबद्दल. त्याला स्वतःला हा आजार वयाच्या सव्विसाव्या वर्षापासून होता. हाताची मूठ उघडत नसे, पेन मुठीत खुपसून लिहायचा. तोपर्यंत त्याने ऑक्सफर्ड केलं होतं, पत्रकारिता करत होता, पुढे १९६४ मध्ये मजूर पक्षाकडून निवडणूकही लढवून हरला. राजकारणात घराघरांत फिरावं लागतं, हात मिळवावा लागतो. हे शरीर घेऊन ते जमणारं नव्हतं. टीव्हीसाठी खाटेवर बसून लिहिता येतं.

धागाकर्त्याच्या मुख्य मुद्द्याबद्दल : ताणाने सोरायसिस उसळतो हे खरं आहे, रोज ओपीडीत दिसतं. परीक्षा, घरातलं आजारपण, नोकरी. पण 'पाप पोटात होतं ते कातडीवर आलं' हे मी कुणाही पेशंटला सांगणार नाही, कारण अर्धे पेशंट आधीच तसं मानत असतात. नागदेवतेपासून पूर्वजन्मापर्यंत सगळं ऐकलंय. कबुली देऊन सोरायसिस गेलेला पेशंट अजून पाहायचाय.

(अवांतर : मेथोट्रेक्सेट ही गोळी सोरायसिससाठी आठवड्यातून एकदा घ्यायची असते. रोज घेतली तर जिवावर बेतते. कुणाच्या घरात कुणी घेत असेल तर डब्यावर वार लिहून ठेवा.)

गवती चहा

मला हा आजार आहे. सांध्यांचा नाही, कातडीचाच, त्यामुळे मार्लोच्या मानाने सुखी. काळा शर्ट घालत नाही, कारण संध्याकाळपर्यंत खांद्यावर सगळं दिसतं. बसमध्ये शेजारचा माणूस सरकून बसतो तेव्हा 'संसर्गजन्य नाही हो' म्हणायचं की नाही, हा रोजचा प्रश्न. एका सलूनवाल्याने मानेवरचे चट्टे बघून 'आज गर्दी आहे' म्हटलं होतं, दुकानात कुणी नसताना.

म्हणून सांगते, मला ती मालिका ज्या एका गोष्टीसाठी आवडली ती म्हणजे मार्लो चिडका आहे. आजारी माणसांच्या गोष्टींमध्ये आजारी माणूस सोसत असतो, हसतमुख असतो, इतरांना जगायला शिकवून शेवटी मरतो. हा शिव्या देतो. शेजारच्या खाटेवरच्या अलीला वंशावरून टोमणे मारतो आणि अली हसतो, कारण त्या वॉर्डात त्याच्याशी माणसासारखं बोलणारा तोच एक आहे. अली मरतो तेव्हा मार्लोला काही करता येत नाही, नुसतं बघता येतं.

नर्स मिल्सचा (जोॲन व्हॅली) मलम लावण्याचा प्रसंग लोक विनोदी म्हणून सांगतात. ती त्याच्या अंगाला, मांड्यांना मलम चोपडतेय आणि नको ते होऊ नये म्हणून हा मनातल्या मनात जगातल्या रटाळ गोष्टींची यादी करतोय. हसू येतंच. पण दुसऱ्याने आपल्या कातडीला किळस न करता हात लावणं म्हणजे काय असतं, हे ज्यांना माहीत आहे त्यांना तो प्रसंग वेगळा दिसतो. ती सारखी माफी मागत असते, तेही अगदी खरं.

डॉक्टरसाहेबांशी सहमत. शेवटचं बरं होणं मला फसवणूक वाटली. मीही कबुली देऊन बघितलीय, आईजवळ, चौथीत चोरलेल्या कंपासपेटीची. चट्टे जिथल्या तिथे.

कोरस

कंपासपेटीला +१. हलके घ्या.

ठकी

धाग्यावर सगळे कातडीतच अडकलेत, म्हणून जरा वेगळं.

नदीतून निघणारं प्रेत कुणाचं? एकदा कादंबरीतल्या बाईचं, एकदा आईचं, एकदा निकोलाचं. चेहरा बदलत राहतो. आई (ॲलिसन स्टेडमन, हीच कादंबरीतली लिलीसुद्धा) रानात परपुरुषाबरोबर दिसते आणि पुढे टेम्समध्ये बुडून मरते. मार्लोच्या डोक्यात जी जी बाई शरीराने जिवंत आहे ती ती शेवटी पाण्यात. 'हे त्याच्या आजारी डोक्यातलं आहे, मालिका त्याच्यावर टीका करतेय' हा बचाव मी खूप वाचलाय. असेलही. पण कॅमेरा कुणाचा आहे? सहा तास आपण त्याच डोक्यात बसलेलो असतो. आईला त्या खाणकामगारांच्या वस्तीत काय वाटत होतं, सासू-सासऱ्यांच्या घरात ती कशी घुसमटत होती, याची दोन-चार दृश्यं आहेत आणि तीच सगळ्यात चांगली आहेत. तिथे आणखी थांबायला हवं होतं. बाप स्टेशनवर निरोप देतो त्या प्रसंगात सगळे बापाकडे बघून रडतात. मी तिच्याकडे बघत होते.

जॅनेट सुझमनची निकोला तर सुरुवातीचे भाग फक्त शिव्या खायला येते. आणि तरी येते. का येते, हे कुणी विचारत नाही.

मधली सुट्टी

@ठकी, कॅमेऱ्याबद्दलचं मान्य करायला मला अडचण आहे, आणि कारण आई. आई मरते त्याआधी लंडनमध्ये पोराने आपल्याला रेमंडबद्दल जे माहीत आहे ते तिला बोलून दाखवलेलं असतं. म्हणजे तिच्या मरणात आपला हात आहे असं त्याला वाटत आलंय. पुढे प्रौढ मार्लो ज्या ज्या बाईला मारतो, त्या प्रत्येक वेळी तो आपलाच गुन्हा पुन्हा लिहून काढतो आणि दरवेळी दुसराच आरोपी उभा करतो. वर्गात मार्क बिनीला उभा केला तसा. मालिका बायकांबद्दल नाही, खोट्या साक्षीबद्दल आहे, असं मी म्हणेन.

निकोला का येते हा प्रश्न मात्र लाखमोलाचा.

@गवती चहा, मार्लोच्या चिडकेपणाबद्दल पूर्ण सहमत. मेकअपखाली तासन्‌तास बसून गॅम्बनने फक्त डोळे आणि आवाज एवढ्यावर ते पेललंय. १९८७चं बाफ्टा त्याला याच भूमिकेसाठी मिळालं.

ठकी

'बायकांबद्दल नाही, खोट्या साक्षीबद्दल आहे' म्हणजे पुन्हा तेच झालं. साक्ष त्याची, पश्चात्ताप त्याचा, प्रेत बाईचं.

चेल्टनमकर

बरीच वर्षं ग्लॉस्टरशरमध्ये आहे, फॉरेस्ट ऑफ डीन इथून जवळ. थोडा स्थानिक मालमसाला.

सेव्हर्न आणि वाय या दोन नद्यांच्या बेचक्यातला हा भाग. एका बाजूला इंग्लंड, दुसरीकडे वेल्स, आणि लोक दोघांनाही परके समजतात. इथे फ्रीमायनर नावाची जुनी प्रथा आहे : या हद्दीत जन्मलेला, एकवीस वर्षं पूर्ण झालेला आणि खाणीत एक वर्ष एक दिवस काम केलेला माणूस स्वतःची खाण चालवण्याचा हक्क मागू शकतो. मोठ्या खोल खाणींपैकी शेवटची १९६५च्या नाताळच्या आदल्या दिवशी बंद झाली. मित्राला इथे 'बटी' म्हणतात, आणि जुन्या माणसांची बोली ऐकली की मालिकेतला बाप (जिम कार्टर) आठवतो. बोली हुबेहूब आहे की नाही यावर इथल्या पबमध्ये अजून वाद घालता येतो.

पॉटर बेरी हिलचा, जन्म १७ मे १९३५, बाप खाणकामगार. शिष्यवृत्तीवर शिकून ऑक्सफर्डला गेला आणि १९६० मध्ये आपल्याच गावाबद्दल बीबीसीसाठी 'बिट्वीन टू रिव्हर्स' हा माहितीपट केला. गावातल्या लोकांना तो अपमान वाटला, शिकलेलं पोर आपल्यालाच हिणवतंय असं. मालिकेतली वर्गातली खोटी साक्ष बघताना मला हे नेहमी आठवतं. गावाबद्दल साक्ष द्यायची ती कुणी आणि कशी, हा त्याला आयुष्यभर चावत राहिलेला प्रश्न असावा. हा माझा तर्क.

१९४५ मध्ये त्याचं कुटुंब काही काळ लंडनला हॅमरस्मिथमध्ये आईच्या माणसांकडे राहिलं होतं, मालिकेतही हॅमरस्मिथच आहे. पण मालिका आत्मचरित्र नव्हे, हे तो बजावून सांगायचा, आणि त्यावरून कोर्टकचेरीही झाली. संस्कृतिरक्षक म्हणून गाजलेल्या मेरी व्हाइटहाऊस बाईंनी रेडिओवर सांगून टाकलं की पॉटरने लहानपणी खरोखरच आपल्या आईला परपुरुषाबरोबर पाहिलं होतं. त्याची आई तेव्हा हयात होती. तिने दावा लावला. बीबीसी आणि 'द लिसनर' साप्ताहिक दोघांना भरपाई द्यावी लागली.

कोरस

म्हणजे कल्पनेतल्या आईवर खोटी साक्ष, ती खऱ्या आईला भोवली. पॉटरने हे लिहिलं असतं तर 'फारच जुळवून आणलंय' म्हणाले असते.

बोरूबहाद्दर

लिहिणाऱ्या माणसांसाठी या मालिकेत जे आहे त्यावर कुणी बोललं नाही, म्हणून ही पुरवणी.

एक : निकोला आणि फिनी कट शिजवत असताना संवादातली विरामचिन्हंही बोलायला लागतात. 'पैसे मिळतील स्वल्पविराम पण त्याला कळता कामा नये पूर्णविराम' या थाटात (शब्द माझे). तोवर आपण त्या दृश्याला खरं मानत असतो. त्या एका स्वल्पविरामाने कळतं की हे मार्लो लिहितोय. असला धक्का मी दुसऱ्या कुठल्या मालिकेत खाल्लेला नाही.

दोन : कोटवाले दोन गूढ इसम. पहिल्यापासून ते कादंबरीत कुणाच्या तरी मागावर असतात. शेवटी दोघे वैतागतात की आपल्याला नावच नाही, आपण कोण, कशासाठी फिरतोय, काहीच दिलेलं नाही, नुसते जागा भरायला घेतलेत. आणि याचा जाब विचारायला ते थेट वॉर्डात, लेखकाच्या खाटेपाशी येऊन ठेपतात. ज्यांनी कधी गोष्ट लिहिली आहे त्यांना मधल्या प्रकरणांत सोडून दिलेली पात्रं आठवून घाम फुटावा.

तीन, माझा सगळ्यात आवडता : समोरच्या खाटेवरचा रेजिनाल्ड. अख्खी मालिका तो मार्लोची तीच कादंबरी वाचत पडलेला असतो, हळूहळू, एकेक पान. लेखक समोर आहे आणि वाचक पुस्तकात. शेजारचा मिस्टर हॉल त्याला सारखा बोलण्यात ओढत असतो, चहा उशिरा येतो, नर्सेस लक्ष देत नाहीत वगैरे. सगळा मानसशास्त्राचा डोलारा एकीकडे, आणि पुस्तकाचं खरं काम रेजिनाल्डच्या खाटेवर चाललेलं असतं : दुखण्यातला एक दिवस पार पडतो. आमच्याकडे बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या, त्या अशाच खाटांवर, एसटीत आणि गिरणीच्या पाळ्यांमध्ये वाचल्या गेल्या. समीक्षकांनी त्यांना दारात उभं केलं नाही. मार्लोलाही तोच सल आहे.

मार्लो हे नावही तसंच. रेमंड चॅन्डलरच्या हेराचं नाव फिलिप मार्लो, इंग्रजी स्पेलिंगमधलं शेवटचं एक अक्षर तेवढं जास्त. आपल्या नायकाला जन्मभर या नावावरून पिडलेलं आहे.

शेवटाबद्दल धागाकर्त्याशी असहमत. गोळी लागून मेला तो आजारी लेखक नाही, मेला तो चिडका. उरलेल्याने पात्राची हॅट चढवली, इतकंच. लेखकाला आपलं सगळ्यात बरं रूप पात्रांत सापडतं, त्यात फसवणूक कसली?

पाटीपूजन

२००३ चा सिनेमा बघितलाय, रॉबर्ट डाउनी ज्युनिअर आणि मेल गिब्सन. ही त्याच्यावरूनच का? मला ठीकठाक वाटला.

मधली सुट्टी

@पाटीपूजन, उलट. सिनेमा मालिकेवरून. पटकथा पॉटरचीच, त्याच्या मृत्यूनंतर चित्रित झालेली, पण काळ आणि देश दोन्ही बदललेले. सहा तासांचं दोन तासांच्या आत बसवलंय, आणि फॉरेस्ट ऑफ डीन गेलं की बोली गेली, खाण गेली, बाप गेला. गिब्सनने टक्कल घालून डॉ. गिबन केलाय, तो बरा आहे. मालिकेतला बिल पॅटरसनचा गिबन मात्र वेगळीच चीज. मार्लोच्या कादंबरीतला घाणेरडा उतारा त्यालाच वाचून दाखवतो आणि निवांत बघत बसतो.

@बोरूबहाद्दर, रेजिनाल्डसाठी तुम्हाला एक चहा लागू.

चेल्टनमकर

पॉटरचा शेवट ठाऊक नसेल त्यांच्यासाठी : फेब्रुवारी १९९४ मध्ये स्वादुपिंडाचा कॅन्सर कळला. एप्रिलमध्ये चॅनल फोरवर टीव्ही मुलाखतकार मेल्विन ब्रॅगला दिलेली त्याची मुलाखत दाखवली, बोलता बोलता वेदना वाढल्या की बाटलीतून द्रवरूप मॉर्फिनचा घोट घ्यायचा. कॅन्सरचं नाव त्याने रूपर्ट ठेवलं होतं, माध्यमसम्राट रूपर्ट मरडॉकवरून. खिडकीबाहेरच्या बहराबद्दल तो जे बोलला ते इथली म्हातारी मंडळी अजून सांगतात. उरलेल्या आठवड्यांत दोन मालिका लिहून पुऱ्या केल्या, 'कॅरीओकी' आणि 'कोल्ड लॅझरस', आणि बीबीसी वन व चॅनल फोर या एकमेकांच्या स्पर्धकांनी त्या मिळून दाखवाव्यात अशी अट घातली. १९९६ मध्ये दाखवल्या. ७ जून १९९४ ला तो गेला. बायको मार्गारेट त्याच्या नऊ दिवस आधी गेली होती, तिलाही कॅन्सर. आजारपणात ती त्याचं सगळं करायची.

ठकी

निकोला का येते याचं उत्तर या शेवटच्या ओळीत आहे असं मला वाटतं. पण ते मालिकेत नाही.

स्किनचा डॉक्टर

काल रात्री सहावा भाग पुन्हा बघितला, धाग्यामुळेच. एक वैद्यकीय शंका उपस्थित करतो, रहस्यकथेच्या भाषेतच.

मार्लो बरा कशाने झाला? संशयितांत पहिले डॉ. गिबन, बोलण्याचा उपचार. पण त्या काळात, आत्ताची महागडी इंजेक्शनं नव्हती तेव्हा, गंभीर सोरायसिसच्या पेशंटला आठवडेच्या आठवडे भरती करून ठेवायचे. रोज दोनदा सगळ्या अंगाला मलम, डांबराची किंवा दुसरी, पूर्ण विश्रांती, बाहेरच्या कटकटी बंद. एवढ्याने बरेच पेशंट साफ होऊन घरी जायचे. वॉर्डातल्या जुन्या सिस्टर्सना हे प्रोफेसरांपेक्षा चांगलं माहीत असायचं. मालिकेत सहाही भाग वेळोवेळी, न चुकता, मलमाचं भांडं घेऊन कोण येतं? गिबन नव्हे.

माझ्या केसपेपरवर श्रेय नर्स मिल्सचं. धागाकर्त्याला हवे होते ते धागेदोरे पहिल्या भागापासून समोर होते, आपण सगळे बिनीच्या मागे लागलो.

गवती चहा

डॉक्टर, हे एकदम पटलं. माझेही सगळ्यात बरे गेलेले दिवस बाळंतपणानंतर माहेरी, आई रोज दोन वेळा खोबरेल चोपडायची तेव्हाचे. कंपासपेटी तेव्हाही पोटातच होती.

ठकी

म्हणजे या मालिकेत एका बाईने निदान एक काम पूर्ण केलं, आणि शेवटी हात धरून बाहेर पडायला हेर निकोलाला घेऊन गेला. मिल्सला पुढचा पेशंट.